दोन निळी पिंपं

शाळेचं वेळापत्रक करणं हे माझं काम होतं आणि गायकवाड सर हे त्या वेळापत्रकाला पडलेलं भोक होतं.

मी पर्यवेक्षिका. ‘सोमवार, तिसरा तास, नववी ब, विज्ञान, गायकवाड’ असं मी पट्टीनं रेघा मारून लिहायचे आणि सोमवारी तिसऱ्या तासाला नववी ब मधून बाकं बडवल्याचा आवाज यायचा. गायकवाड सर नदीवर. मग शिवणाच्या बाईंना पाठवा, त्या मोकळ्या नसल्या तर पी.टी.च्या सरांना, तेही नसले तर स्वतः जाऊन पोरांना धडा मोठ्यानं वाचायला लावा. मधल्या सुट्टीत सर हजर. पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला, दुसरा दुमडायचा विसरलेला आणि ओला.

“सर, तुमचा तास होता.”

“आवं बाई, तास काय पळून जातोय व्हय? उद्या बी हाय की. पान्याचं तापमान उद्यापतूर थांबत न्हाई.”

बाकीच्या शिक्षकांच्या खिशाला पेन असायचं, यांच्या खिशाला थर्मामीटर. वर्गात ते छापील मराठी बोलायचे, वर्गाबाहेर आले की त्यांच्या कुंडल गावचं. आणि शिकवायचे इतकं चांगलं की माझी पंचाईत व्हायची. वाईट शिकवणाऱ्या माणसाची तक्रार वर करता येते. यांची करायला गेलं तर पोरंच म्हणायची, “बाई, ऱ्हाऊ द्या की, सर शिकवत्यात लय भारी.” शिकवत होते खरंच. हजर असले की.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी इस्लामपूरला राहायचे आणि सकाळच्या एस.टी.नं नदीकाठच्या त्या गावी शाळेला जायचे. तिथं कृष्णेला एक वळण आहे आणि वळणावर डोह. काठावर मोठं उंबराचं झाड, त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. म्हणून डोहाचं नाव आसरांचा डोह. दुपारी बाराला तिकडं कुणी एकटं फिरकायचं नाही. गायकवाड सर मात्र दुपारी बारालाच जायचे, कारण त्या वेळी ऊन सरळ पाण्यात उतरतं आणि तळ दिसतो.

तळाशी त्यांना जे बघायचं होतं ते तिथं नव्हतंच. हीच सगळ्या त्रासाची सुरुवात.

त्या डोहात पूर्वी खडस होता. खडस म्हणजे कोयना-कृष्णेचा मोठा मासा, अंगावर सोनेरी झाक आणि जुन्या रुपयाएवढी खवलं. सरांनी तो लहानपणी पाहिला होता. मग लोकांनी खाणीतले सुरुंगाचे बार आणून डोहात टाकायला सुरुवात केली. एक बार उडाला की सगळं पाणी पांढऱ्या पोटांनी भरून जायचं. मोठे मासे लोक घरी न्यायचे, पिल्लं काठाला कुजायची. अशानं खडस संपला. जाळ्यात कुठं सापडेना, आणि त्याच्या जागी बाहेरून आलेला चिलापी मासा माजला.

“मग काय बिघडलं? मासा तो मासा,” असं मी एकदा म्हटलं. चूक झाली. माझा डबा गार होईपर्यंत सरांनी मला सोडलं नाही.

“बाई, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम बघितलाय न्हवं? त्यो काय स्वतः ऊस तोडत न्हाई सारखा. पन त्यो नसला की टोळी बसून ऱ्हाती. खडस ह्यो डोहाचा मुकादम. शेवाळ खातो, गोगलगाई खातो, पडलेली उंबरं खातो. त्यो हाय म्हनून बाकीचं सगळं आपापल्या मापात ऱ्हातं. मुकादम गेला, आता बघा डोहाकडं. हिरवं वरण झालंय नुसतं.”

बोलता बोलता त्यांनी माझ्या डब्यातली एक चपाती खाल्ली. ही त्यांची दुसरी सवय. विषयात शिरले की हात कुणाच्या डब्यात आहे याचं त्यांना भान नसायचं.

तर खडस परत डोहात आणायचा, हे त्यांनी ठरवलं होतं. संस्थेनं सांगितलं नव्हतं, अभ्यासक्रमात नव्हतं, माझ्या कुठल्याही यादीत नव्हतं. तयारी म्हणून त्यांनी आधी हाताला लागतील ती कुठल्याही माशांची पिल्लं सांभाळून बघितली. ती कुठं सांभाळली? एका सकाळी कुलकर्णी सरांनी स्टाफरूमच्या माठात ओगराळं बुडवलं, तर कोपऱ्यातून आवाज आला, “कुलकर्णी सर, हळू. आत पिल्लू हाय.” कुलकर्णी सरांनी त्यानंतर तीन वर्षं घरून पाण्याची बाटली आणली.

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढं ते लागणार आहे. दसऱ्याला शाळेत पाटीपूजन व्हायचं. सगळ्या शिक्षकांना कुंकू लागायचं, प्रसाद वाटला जायचा. सर तेवढा वेळ प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत उभे राहायचे. पहिल्या वर्षी मी बोलवायला गेले.

“बाई, माज्या बापानं धम्माची दीक्षा घेतली त्या दिशी कुंकू-गुलाल सोडला. त्यानं खाली ठेवलेलं मी कशाला उचलू?” रागानं नाही, नळी उजेडाला धरून बघत बघत म्हणाले. पुढच्या वर्षीपासून दसऱ्याच्या कामाच्या यादीत मी त्यांच्या नावापुढं ‘प्रयोगशाळा’ असंच लिहायला लागले. निदान तेवढा एक दिवस ते यादीप्रमाणं वागायचे.

कोयनानगरच्या सहलीची यादी मी दोन आठवडे खपून केली होती. मुलांची नावं, आजारी पडणारी मुलं वेगळी, लिंबं, गोळ्या, कागदी पिशव्या, आणि पिण्याच्या पाण्याची दोन मोठी निळी पिंपं. झाकणाची, घट्ट बसणारी. मी चित्रकलेच्या सरांकडून त्यांच्यावर पांढऱ्या रंगात शाळेचं नाव लिहून घेतलं होतं, कारण असली भांडी गावात लग्नाला जातात आणि परत येत नाहीत.

धरण लांबून बघून झालं, बाग झाली, मुलं जेवली. परत निघताना सर गायब. तास गेला. शेवटी एका टेम्पोतून उतरले, त्यांच्याबरोबर पिंपं. मी विचारलं, कुठं होता? “पिंपं विसळून आनली,” म्हणाले. मला वाटलं, काय गुणी माणूस.

डोंगरातली वळणं सुरू झाली, मुलं ओकायला लागली. मी म्हटलं, पिंपातलं पाणी द्या, तोंडं धुऊ देत. सर पिंपावर बसले होते. उठेनात.

“सर, उठा.”

“बाई, ह्ये पानी न्हाई.”

“मग काय आहे?”

त्यांनी झाकण बोटभर उचललं. आत बोटाएवढी पिल्लं, झुंडीच्या झुंडी. तिथल्या मत्स्यबीज केंद्रातून खडसाची पिल्लं आणली होती, आमचं पिण्याचं पाणी रस्त्याकडेला ओतून. पन्नासेक पोरं, वळणाचा रस्ता आणि गाडीत प्यायला थेंब नाही. मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातात तांब्या दिला.

“बोला तुमी, पन बोलता बोलता ह्यातनं पानी वरनं धार धरून सोडत ऱ्हावा. हवा मिसळाया पायजे, न्हाईतर गुदमरत्यात.”

कराड येईपर्यंत मी धार सोडत होते. बोलतही होते.

पिल्लं शाळेच्या टाकीत गेली. टाकीचा नळ बंद झाला, मुलींनी तक्रार केली, ती माझ्याकडे आली. पण पिल्लं लगेच सोडायची नव्हती. आधी सरांना गावाकडून एक शब्द हवा होता, की आसरांच्या डोहात कुणी बार टाकणार नाही, जाळं टाकणार नाही. कायद्याचा काही उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं. गाव एकाच गोष्टीला भ्यायचं. म्हणून ते चावडीवर आण्णांकडे गेले. आण्णा म्हणजे गावचे जुने पुढारी, देवस्थानाचं सगळं त्यांच्याच हातात. जमेल तेवढा शहाणपणा सोबत असावा म्हणून मीही गेले.

“आण्णा, ह्ये मासं आसरांचं म्हनून सोडू. आसरांच्या माशाला कोन हात लावंल?”

आण्णा हसले. “आवं मास्तर, तुमी तर देव मानत न्हाई.”

“न्हाई मानत.”

“मग?”

“गाव मानतंय न्हवं? मला तेवढं बास.”

आण्णांनी पानाला चुना लावला. मग म्हणाले, “चालतंय. पन मग आसरांचं मासं चोरावानी जायाचं न्हाईत. वाजत गाजत जातील.”

वाजत गाजत गेले. पुनवेला बँड आला, ट्रॉली सजवली, पिंपांना हार घातले. आनंदानं लोक पुढं झाले. कुणी झाकण काढलं, बायकांनी पिंपात हळद-कुंकू वाहिलं, नारळाचं पाणी ओतलं, आणि तरण्या पोरांनी मुठी भरभरून गुलाल उधळला. सर गर्दीच्या मागं अडकले होते. “झाकन लावा! झाकन लावा रं!” असं ओरडत होते, पण बँडपुढं कुणाचं ऐकू येतंय? डोहावर पोचेपर्यंत पिंपातलं पाणी सरबतासारखं लाल झालं होतं. पाण्यात सोडलेलं प्रत्येक पिल्लू उलटं होऊन वर आलं.

बँड थांबला. एक म्हातारी म्हणाली, “आसरांनी न्हाकारलं गं बाई.” आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात गेलं. आसरांनी नाकारलं म्हणजे शब्दही गेला. त्याच आठवड्यात डोहावर पहिला बार उडाला. शाळेच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सर दहावीच्या वर्गात होते. फळ्यावरचा हात क्षणभर थांबला, मग आकृती पुरी केली.

मी चिडले होते. “सांगत का नाही त्यांना? देवी नाही, गुलालानं मेली पिल्लं. पूड कल्ल्यात बसली. तुम्हीच मला सांगितलंत.”

“बाई, लोकांनी खुशीनं टाकला गुलाल. खुशी केली म्हनून त्यांच्यावरच पिल्लं मारल्याचा ठपका ठेवायचा? मग तर परत डोहाकडं कोन येतंय?”

“मग काय करणार?”

“बघू. घाई नको. पानी पान्याला भेटू द्या.”

हे त्यांचं आवडतं वाक्य. पिल्लं आणली की एकदम नव्या पाण्यात ओतायची नसतात. भांड्यात डोहाचं पाणी थोडं थोडं घालायचं, दोन्ही पाणी एकसारखं होऊ द्यायचं, मग सोडायचं. नाहीतर दचकून मरतात. पण सर हे वाक्य कुठंही वापरायचे. नवा शिक्षक बदलून आला, दोन मुलांचं भांडण झालं, माझं आणि मुख्याध्यापकांचं बिनसलं, की पाणी पाण्याला भेटू द्या. माझ्यासारख्या माणसाला असली वाक्यं चावतात.

महिन्याभरानं ते दोन बादल्या घेऊन आण्णांच्या अंगणात गेले. प्रत्येक बादलीत एकेक चिलापी. एकीत मूठभर गुलाल टाकला आणि आण्णांच्या शेजारी जोत्यावर बसून राहिले. आण्णांचा चहा झाला, पान झालं. मग गुलालाच्या बादलीतला मासा आडवा झाला. दुसऱ्या बादलीतला आण्णांच्या धोतरावर पाणी उडवत फिरत होता.

आण्णांनी पान थुंकलं. “म्हंजे त्या दिशी आमीच...”

“तुमी न्हाई आण्णा. गुलाल.”

“पन मास्तर, बिगरगुलालाची मिरवनूक? लोक म्हनतील गावात सुतक हाय.”

“टाका की गुलाल. कोन नको म्हनतंय? फकस्त माशावर नको. माज्यावर टाका.”

आण्णांना सरांचा दसरा ठाऊक होता. सगळ्या गावाला ठाऊक होता. “तुमच्यावर?”

“मला आंगुळ करता येती. त्यांना न्हाई.”

“चालंल तुमास्नी?”

“देवाम्होरं हात जोडनार न्हाई. कपाळाला लावून घेनार न्हाई. उधळा म्हनतोय. निवडनुकीत उधळताच की, तवा कुठं देव आसतो?”

आण्णांनी एवढंच सांगितलं, की एकदाच. या खेपेला आसरांनी घेतलं तर गाव शब्द पाळेल, नाहीतर मास्तरांनी परत हा विषय काढायचा नाही.

सरांनी कोयनानगरहून परत पिल्लं आणली, आणि या दुसऱ्या खेपेची यादी मी केली. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण असल्या कामात यादी नसली की मला झोप लागत नाही. पिंपावर ओलं गोणपाट, त्यावर ताडपत्री, त्यावर दोरी. एका पिंपाशी पी.टी.चे सर, दुसऱ्याशी मी. गायकवाड सर बँडच्या पुढं, म्हणजे गुलाल तिकडं जाईल आणि ट्रॉली लांब राहील. यादी वाचून दाखवली, त्यांनी मान हलवली. आणि मिरवणूक सुरू झाल्यावर सरळ ट्रॉलीत चढून दोन्ही पिंपांवर पालथे झोपले. एक हात एका झाकणावर, एक दुसऱ्यावर.

मग गावानं त्यांच्यावर गुलाल टाकला. सुरुवातीला लोक बिचकत होते. मग आण्णांनी पहिली मूठ टाकली. पुढं तर चढाओढच लागली. वेशीपासून डोहापर्यंत माणूस दिसेना, नुसता गुलाबी ढीग दिसत होता आणि त्यातून मधूनच खोकला यायचा. पोरं ओरडत होती, “सर, तोंड झाका!” सर तोंड झाकत नव्हते, कारण हात झाकणांवर होते.

डोहावर पोचल्यावर लोकांना वाटलं, झालं, सोडा आता. सरांनी पिंपं काठाला पाण्यात निम्मी बुडवून ठेवली, हात धुतले, तांब्या घेतला आणि डोहाचं पाणी एक एक तांब्या आत घालायला लागले. एक तांब्या. थांबायचं. थर्मामीटर. परत एक तांब्या. ऊन डोक्यावर. बँडवाले सावलीला जाऊन बसले.

आण्णा वैतागले. “आवं मास्तर, आता काय मुहूर्त हाय का?”

“पानी पान्याला भेटू द्या आण्णा.”

शेवटी पिंप आडवं केलं. पिल्लं बाहेर आली, काठाला क्षणभर घुटमळली आणि एका दमात काळ्या पाण्यात उतरली. एकही वर आलं नाही. लोक वाकून बघत राहिले. मग तीच म्हातारी म्हणाली, “घेतलं गं.” आण्णांनी नारळ फोडला. सरांनी हात जोडले नाहीत. खोबरं मात्र खाल्लं.

दोन दिवसांनी शाळेची तपासणी होती. सरांनी साबण, रॉकेल, बेसन सगळं वापरून बघितलं, पण कान, मान आणि डोक्यावरचे केस गुलाबीच. तपासणीच्या साहेबांनी दहावीच्या वर्गातून बाहेर येऊन मला हळूच विचारलं, “बाई, हे विज्ञानाचेच ना?” मी म्हटलं, हो, विज्ञानाचेच. आणखी सांगत बसले असते तर तपासणी संपली नसती.

गावानं शब्द पाळला. डोहावर परत बार उडाला नाही. एकदा लांबच्या गावची पोरं आली होती, त्यांना आमच्या गावच्या बायकांनीच हाकललं. सरांच्या तासांचं मात्र काही सुधारलं नाही. उलट आता ते डोहावर ‘नुसतं बघून येतो’ म्हणून जायचे. काय दिसलं विचारलं तर, “काय न्हाई.” वर्षामागून वर्षं गेली, ‘काय न्हाई’च.

मग संस्थेनं त्यांची बदली केली, सातारच्या पलीकडच्या एका शाखेत. निरोपसमारंभाचा कार्यक्रम मी आखला होता. शाल, नारळ, फोटोग्राफर, भाषणं मोजकी. पाहुणे आले, आण्णा काठी टेकत आले, फोटोग्राफरनं दिवा लावला. सत्कारमूर्ती नाही.

कुठं असणार? मी तावातावानं डोहावर गेले. एप्रिलचा शेवट होता. नदी इतकी आटली होती की पलीकडे चालत जाता आलं असतं, पाणी होतं ते डोहातच. सर उंबराखाली बसले होते. पँटचा एक पाय दुमडलेला.

“सर, सगळं गाव खोळंबलंय.”

“बसा जरा.”

“बसायला वेळ नाही.”

“बसा, बाई.”

बसले. काही झालं नाही. मी घड्याळ बघितलं. वरून एक पिकलं उंबर टपकन पाण्यात पडलं. तेवढ्यात खालून काहीतरी वर आलं, माझ्या हाताएवढं, सगळं सोनेरी, पाठ पाण्याबाहेर काढून वळलं आणि उंबर घेऊन खाली गेलं. पाणी परत सारखं झालं. मला त्याची खवलं दिसली होती, एकेक वेगळी.

मी दुसरं उंबर पडेल का म्हणून वर बघत राहिले.

सर उठले, पँट झटकली. “चला बाई. उशीर होतोय.”

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, आणि नेमकं त्या वेळी मला उठायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणं एस.टी.तून उतरले, तर समोरच्या सातारा गाडीपाशी कंडक्टर आणि गायकवाड सर वाद घालत होते. वळकटी, ट्रंक, आणि टपावर चढवलेली दोन मोठी पिंपं.

“पिंपात काय हाय?” कंडक्टर विचारत होता.

“रिकामी हायत.”

“आन् रिकामी पिंपं कशाला नेता एवढ्या लांब?”

“तिथं बी नदी हाय की.”

घंटी वाजली. गाडी वळली तेव्हा टपावरच्या पिंपांवर ऊन पडलं. निळी पिंपं. पांढऱ्या रंगात आमच्या शाळेचं नाव, चित्रकलेच्या सरांचं अक्षर.

मी गाडी थांबवायला हात वर केला. सरांनी खिडकीतून बघितलं. त्यांना वाटलं मी निरोप देते आहे. ते हसले आणि खिडकीतून अर्धे बाहेर येऊन जोरजोरात हात हलवायला लागले.

हात मी खाली घेतला नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तसाच वर ठेवला.